माघ-फाल्गुनात एकदम विणारी जनावरं : शेवटच्या दोन महिन्यांची तयारी

हलशीचा_गोठा
नमस्कार मंडळी. खानापूर तालुका. गोठ्यात ८ गाई आणि ३ म्हशी गाभण आहेत. गाईंतल्या चार गावठी, रानात चरायला जाणाऱ्या, चार संकरित. मृगाच्या आगेमागे भरल्यामुळे बहुतेकींच्या तारखा फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर अशा एकाच दाटीत आल्यात. दोन कालवडी पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या, आहेत. चारा म्हणाल तर भाताची पिंजर घरची, थोडं नेपिअर, आणि कारखाने चालू असल्यामुळे उसाचं वाडं (शेंड्याकडचा पाला) हवं तेवढं.
विचारायचं ते असं : आतापासून विण्यापर्यंत कुठल्या क्रमानं काय करायचं? कॅल्शियम कधी द्यायचं, यावर गावात चार माणसांची पाच मतं आहेत. आणि कृपा करून "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहून जाऊ नका. डॉक्टर लांब आहेत, रात्री तर फारच लांब.

ऊसवाला_निपाणी
आधी तारखा भिंतीवर लिहा. गाय भरल्या तारखेत ९ महिने आणि ८ दिवस मिळवा, म्हशीला १० महिने आणि ५-६ दिवस. पुढेमागे आठवडा धरायचाच. त्या तारखेतून ६० दिवस वजा केले की आटवायची, म्हणजे दूध काढणं बंद करायची, तारीख मिळते. ११ जनावरांचं डोक्यात ठेवलं तर एक तरी चुकणार.

अथणीचा_कडबा
वाडं हवं तेवढं आहे, हीच तुमची पहिली अडचण. बाकीचं नंतर.

माळावरचा_म्हातारा
अण्णांनी कडबा विकायला काढला वाटतं 😀

अथणीचा_कडबा
@माळावरचा_म्हातारा विकायचा न्हाईच ओ काका, आमच्यातच पुरंना. पण बोललो ते खोटं न्हाई. वाड्यात ऑक्झॅलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरतं आणि शेणावाटे बाहेर जातं. आपण वरनं चुना घाला, पावडर घाला, निम्मं त्यातच जातं. पंधरा दिवस वाडं घातलं तर काय होत न्हाई. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत नुसत्या वाड्यावर काढलेली गाय मात्र विताना उभी राहील का, ह्याची खात्री देता येत न्हाई.

पशुसेवा_चिकोडी
(दवाखान्यात काम करतो, डॉक्टर नाही.) अण्णांचं बरोबर आहे, त्यात थोडी भर.
वाड्यात पाणी आणि तंतू भरपूर, प्रथिनं कमी, फॉस्फरसही कमी. पोट भरलेलं दिसतं म्हणून माणूस फसतो. गाभण जनावराच्या एकूण चाऱ्यात वाडं तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. ४०० किलोच्या गाईला दिवसाला ८ ते १० किलो कोरडा पदार्थ लागतो. तो साधारण असा बसवता येईल : कडबा किंवा पिंजर ४-५ किलो, नेपिअर किंवा मका १० किलो, कुट्टी केलेलं वाडं ८-१० किलो, वर पेंड-भुसा मिळून एक ते दीड किलो आणि खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम. मिश्रण आंबोणात (भिजवलेल्या पेंड-भुशात) कालवूनच घाला. गव्हाणीत कोरडं टाकलं तर ते तळाला बसतं आणि जनावर वरचंच खातं.
पिंजर कडब्यापेक्षा हलकी, हे खानापूरकरांनी लक्षात ठेवावं. तिच्यातही ऑक्झॅलेट असतं. म्हणजे वाडं आणि पिंजर ही जोडी गाभण गाईसाठी सगळ्यात वाईट. शेंगदाणा पेंड किंवा सरकी पेंड पाऊण किलो तरी असलीच पाहिजे. जमलं तर ज्वारीचा कडबा अथणी-कागवाडकडून आणा. तेवढा गाडीखर्च एका सलाइनपेक्षा स्वस्त पडतो.

अथणीचा_कडबा
@माळावरचा_म्हातारा बघा, आता सरकारी माणूसच कडबा विकाया लागला.

उगार_साखर
वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडतात, त्याचं काय? खायचा चुना पाण्यात रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी कुट्टीवर मारायचं. आमच्या भागात बरेच जण करतात.

पशुसेवा_चिकोडी
@उगार_साखर चालतं, तोटा नाही. ऑक्झॅलेटचा थोडा भाग तिथंच बांधला जातो. पण निवळी मारली म्हणून वाडं वाढवायचं नाही. आणि खालचा गाळ घालायचा नाही, तोंड भाजतं.
अजून एक. वाडं मार्चमध्ये अचानक संपतं. कारखान्याची शिट्टी बंद झाली की दुसऱ्या दिवसापासून गव्हाणीत वेगळाच चारा पडतो. नेमक्या त्याच आठवड्यात तुमच्या गाई विणार. पोटातले जंतू नव्या चाऱ्याला सरावायला दोन आठवडे घेतात. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासूनच वाडं रोज थोडं कमी करत, विण्याच्या तारखेआधी पंधरा दिवस पूर्ण थांबवा. विल्यावर जो चारा मिळणार आहे तोच आधी चालू झाला पाहिजे, मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) असेल तर तोही.

कालवड_नंदगड
मग कॅल्शियमची बाटली रोज १०० मिली चालू करायची ना? शेवटचा महिनाभर? कंपनीचा माणूस तर तसंच सांगून गेला.

ऊसवाला_निपाणी
करा की. हाडं भक्कम होतील. आमच्याकडं सगळे करतात.

पशुसेवा_चिकोडी
नको. इथंच सगळे चुकतात म्हणून सविस्तर लिहितो.
गाय विली की चिकातून आणि दुधातून एकदम कॅल्शियम बाहेर जातं. रक्तातलं भरून काढायला शरीराला हाडातलं कॅल्शियम सोडावं लागतं आणि आतड्यातलं शोषण वाढवावं लागतं. ही यंत्रणा जागी व्हायला दोन-तीन दिवस लागतात. विण्याआधी महिनाभर तुम्ही बाहेरून भरपूर कॅल्शियम ओतलंत तर ती यंत्रणा झोपून राहते, कारण तिला काम नसतं. मग विल्या दिवशी मागणी वाढते आणि हाडं दार उघडत नाहीत. गाय थरथरते, कान गार पडतात, मान पोटाकडे वळवून बसते. हाच दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गारच असतं.
त्यामुळे : आटवल्यापासून विण्याआधी तीन आठवड्यांपर्यंत खनिज मिश्रण चालू, कमतरता भरून काढा. शेवटचे तीन आठवडे बाटली नाही, चुना नाही, लसूणघास-बरसीमसारखा कॅल्शियमवाला चाराही कमी. विल्याबरोबर तोंडावाटे कॅल्शियमची जेल किंवा द्रव, आणि १२ ते २४ तासांत दुसऱ्यांदा. जी गाय आधीच्या वेताला बसली होती, तिसऱ्या वेताच्या पुढची आहे आणि दूध जास्त देते, तिच्यावर आधी लक्ष.

ऊसवाला_निपाणी
म्हणजे एकीकडं म्हणताय वाड्यानं कॅल्शियम कमी पडतं, आणि दुसरीकडं म्हणताय देऊ नका. मग वाडं घातलेलंच बरं की शेवटचे तीन आठवडे!

पशुसेवा_चिकोडी
@ऊसवाला_निपाणी दादा, प्रश्न चांगला आहे. पण वाड्यानं नुसतं तीन आठवड्यांचं कमी होत नाही. चार महिने झिजलेल्या हाडांत शिल्लकच नसेल तर यंत्रणा जागी होऊन काढणार काय? आधी शिल्लक करायची, मग तीन आठवडे दार बंद. शिवाय वाड्यात पोटॅशही भरपूर, आणि पोटॅश जास्त झालं की हीच यंत्रणा मंदावते. म्हणून शेवटी कडबा बरा.

ऊसवाला_निपाणी
पटलं. बाटल्या परत देतो.

माळावरचा_म्हातारा
दुकानदार घ्यायचा नाही. विल्यावर वापरा, तारीख बघून.

रायबागची_म्हसवाली
सगळे गाईवरच बोलायलेत. म्हशीचं मी सांगते. म्हशी मुळात श्रावण ते कार्तिकात विणाऱ्या, फाल्गुनात विणारी म्हैस म्हणजे उन्हाळ्यात भरलेली. तिला दोन गोष्टी सांभाळायच्या.
एक, अंग बाहेर पडणं. शेवटच्या दोन महिन्यांत म्हैस बसली की मायांग लिंबाएवढं दिसतं, उठली की आत जातं. तेव्हाच सावध व्हायचं. गोठ्याची जमीन मागे उतरती असते, मूत वाहून जायला. अशा म्हशीला उलट बांधायचं, किंवा मागच्या पायांखाली मुरूम-माती टाकून सहा इंच उंच करायचं, पुढचा भाग खाली. चारा एकदम न घालता चार वेळा थोडा थोडा, म्हणजे पोटाचा दाब येत नाही. बाहेर आलेला भाग गार पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा फिका गुलाबी रंग येईल एवढंच टाकून धुवा, स्वच्छ ओल्या फडक्यात धरा, शेण-माती लागू देऊ नका, आणि माणूस पाठवा डॉक्टरांकडे. स्वतः ढकलताना नखं लागली की सूज येते, मग आत जातच नाही. कुत्री आणि कावळे यांच्यापासून रात्री लक्ष ठेवा.
दोन, पीळ. गर्भाशयाला पीळ पडणं म्हशीत गाईपेक्षा जास्त. दिवस भरले, कळा येऊन गेल्यासारख्या वाटल्या, पोटाला लाथा मारते, उठबस करते, पाणमोट (गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी) मात्र दिसतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी गप्प उभी राहते. लोक म्हणतात अजून वेळ आहे. वेळ नाही, पीळ आहे. डॉक्टर आत हात घालून पिळाची दिशा बघतात, म्हशीला त्याच बाजूला पाडून पोटावर फळी ठेवून लोळवतात. पहिल्या दिवसात केलं तर रेडकूसुद्धा वाचतं. ३६ तास उलटले की म्हशीचंच बघावं लागतं. दिशा न कळता घरच्या घरी लोळवायला जाऊ नका, पीळ वाढतो.

हलशीचा_गोठा
@रायबागची_म्हसवाली ताई, पीळ पडू नये म्हणून काही करता येतं?

रायबागची_म्हसवाली
पूर्ण टळत नाही. आठव्या महिन्यानंतर घसरड्या फरशीवर बांधू नका, गर्दीत रेटारेटी नको, ओढ्याच्या उभ्या काठावरून उतरवू नका, ट्रॉलीत घालून हलवू नका. आणि शहाबादी फरशी ओली असेल तर तिच्यावर छिन्नीनं खाचा पाडून घ्या किंवा रबरी मॅट टाका.

बेळगावचा_इंजिनेर
विषयांतर होईल, पण वाचलेलं सांगतो. अमेरिका-कॅनडात मांसासाठीच्या गाईंचे शेकड्यांचे कळप असतात, आणि ते मुद्दाम वसंतात दोन महिन्यांच्या आत सगळ्या विवतात. त्यांच्या दोन युक्त्या इथं उपयोगी आहेत असं वाटतं.
पहिली : मॅनिटोबाच्या गुस्टाव कोनेफाल नावाच्या पशुपालकानं सत्तरच्या दशकात सांगितलेली. मुख्य चारा संध्याकाळी उशिरा आणि रात्री टाकला तर जास्त गाई दिवसा वितात. दुसरी नेब्रास्का विद्यापीठाची 'सँडहिल्स' पद्धत. न विलेल्या गाईंना दर आठवड्याला नव्या कुरणात हलवायचं, विलेल्या वासरांसह मागे ठेवायच्या. त्यामुळे मोठ्या वासरांच्या हगवणीचे जंतू नवजात वासरांपर्यंत पोहोचत नाहीत.

माळावरचा_म्हातारा
इंजिनेर साहेब, आमच्याकडं कुरण म्हणजे शेजाऱ्याचा बांध. दर आठवड्याला हलवलं तर दर आठवड्याला भांडण.

पशुसेवा_चिकोडी
@बेळगावचा_इंजिनेर कळप मांसाचा असो की दुधाचा, गाभण पोट सारखंच. दोन्ही गोष्टी इथल्या मापानं बसतात.
संध्याकाळच्या चाऱ्याचं : दिवसभर गव्हाण भरलेली असेल तर फरक पडत नाही. सकाळी अर्धपोटी आणि संध्याकाळी सात-आठला मोठा घास, असं विण्याआधी दोन-तीन आठवडे चालू केलं तर दिवसा विण्याकडे कल वाढतो. सगळ्याच दिवसा वितील असं धरून रात्री झोपू नका. पण डॉक्टर लांब असलेल्या गोठ्यात तेवढाही फायदा मोठा. खर्च शून्य.
जागेचं : सगळ्यांना एकाच कोपऱ्यात विऊ देऊ नका. पाचव्या वासराला पहिल्या चार वासरांची घाण मिळते, आणि हगवण नेमकी हंगामाच्या शेवटी विणाऱ्यांना लागते. दोन जागा करा, आलटून पालटून वापरा. एक वापरात असताना दुसरी खरवडून, धुऊन, चुना मारून उन्हात वाळवायची. जागा १० बाय १२ फुटांची पुरते. खाली वाळकं पाचट, बुरशीचा वास येणारं नको, चार इंच तरी. ओलं झालं की वरचं काढून नवीन टाका. वासरं झाली की वयानुसार वेगळी. महिन्याचं आणि दोन दिवसांचं एका दाव्याला नको.

कालवड_नंदगड
आटवायचं कसं ते कुणी लिहिलंच नाही. रोज एक वेळ, मग एक दिवसाआड, असं करतात ना?

पशुसेवा_चिकोडी
दिवसाआड पिळत बसलं की सडाचं तोंड उघडं राहतं आणि अर्धवट दूध कासेत मुरतं, दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, आमंत्रण. कमी दूध देणाऱ्या गाईला पेंड बंद, हिरवा चारा कमी, आणि एका दिवशी पूर्ण पिळून कायमचं थांबवायचं. कास दोन-तीन दिवस ताठेल, मग आपोआप दूध जिरतं. पिळायचा मोह आवरा. पाणी तोडू नका, पाणी तोडून आटवणं जुनं आणि चुकीचं. दहा-बारा लिटरची असेल तर आधी आठवडाभर खुराक उतरवून दूध खाली आणा.
थांबवायच्या दिवशी प्रत्येक सडाचं दूध काळ्या फडक्यावर बघा. गुठळ्या असतील तर आधी दगडीचा इलाज. ठीक असेल तर सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून आटवायची ट्यूब चारी सडांत, डॉक्टरांनी सांगितलेलीच. ट्यूब ६० दिवसांच्या हिशेबानं असते. गाय आधीच विली तर दूध डेअरीला घालायच्या आधी विचारा.

उगार_साखर
जंताचं औषध?

पशुसेवा_चिकोडी
खानापूरच्या भातखाचरात चरणाऱ्या गाईंना यकृतातले चपटे जंत असतात, साध्या जंताच्या मात्रेनं ते जात नाहीत. शेण तालुक्याच्या दवाखान्यात तपासून घ्या आणि त्याप्रमाणे औषध, विण्याआधी किमान महिनाभर. आटवताना एकदाच बांधून दोन्ही कामं होतात.
लस : लाळ्या-खुरकुताची सरकारी फेरी फुकट असते, पण आठव्या महिन्यानंतर गाय धरून पाडायची नाही, विल्यावर घ्या. घटसर्प आणि फऱ्या पावसाआधी, म्हणजे मेमध्ये. गोचिडाची फवारणी विण्याआधीच संपवा. विल्यावर कासेला औषध लागलं तर वासरू चाटतं.

अथणीचा_कडबा
जाडी किती हवी गाईला, त्यावर बोला. आमच्याकडं काही जण गाभण गाईला भरडा चारून पिंपासारखी करत्यात.

ऊसवाला_निपाणी
शेवटच्या दोन बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, लांबून दिसल्या नाही पाहिजेत. तेवढी पुरे. शेपटीच्या बुडाशी चरबीच्या गाठी आल्या तर गाय अडते, आणि विल्यावर खाणं सोडते. आटवली तेव्हा वाळलेली असेल तर तेव्हाच भरा. शेवटच्या महिन्यात ती भरत नाही, वासरू भरतं.

पशुसेवा_चिकोडी
शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र आंबोण एक किलोवरून हळूहळू दोन-अडीच किलोवर न्या, तीन-चार दिवसांनी अर्ध्या किलोनं. विल्यावर एकदम चार किलो घालायची पाळी येते, त्याआधी पोटाला सवय.

हलशीचा_गोठा
दोन पहिलारूंपैकी एक गावठी आहे आणि तिला एचएफचं (होल्स्टीन या विदेशी जातीचं) रेत भरलंय. धोका आहे का?

रायबागची_म्हसवाली
आहे की. लहान चणीच्या कालवडीला मोठ्या जातीचं वासरू अडतं. पुढच्या वेळी जर्सी किंवा देशी भरा. आता ती जवळ बांधा, रानात सोडू नका, आणि डॉक्टरांना आजच सांगून ठेवा की अमुक आठवड्यात ही आहे. १९६२ नंबरही भिंतीवर लिहा, फिरता दवाखाना येतो. पण रात्री भरवसा ठेवू नका.

पशुसेवा_चिकोडी
विण्याच्या दिवसाचं घड्याळ देतो.
शेपटीच्या दोन्ही बाजूंचे पट्टे सैल पडून खड्डे दिसले, निरण (योनीचं तोंड) सुजून लोंबलं, सडांना मेणासारखी चकाकी आली, घट्ट सोट (चिकट स्राव) लोंबायला लागला : एक-दोन दिवस. मग अस्वस्थपणा, शेपटी वर, उठबस. हे दोन ते सहा तास चालतं, पहिलारूत बारापर्यंत. इथं हात घालायचा नाही, फक्त आडोसा आणि शांतता.
पाणमोट दिसली की वेळ लिहा. मुरलेली गाय तासाभरात, पहिलारू दोन तासांत वासरू बाहेर काढते. दोन पाय आणि त्यांवर नाक, अशी मांडणी दिसली पाहिजे. पायांचे तळवे वर दिसले तर वासरू उलटं येतंय. एकच पाय, नुसती शेपटी किंवा पायांशिवाय डोकं दिसलं तर ओढू नका, फोन करा. तासभर जोर लावूनही पुढे सरकत नसेल तरी फोन.
ओढायची वेळ आलीच तर : हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, नखं कापलेली, भरपूर वंगण. उकळलेली सुती दोरी खुराच्या वरच्या सांध्याच्या वर, आणि दुसरा वेढा त्याच्या खाली. गाय कळ देईल तेव्हाच ओढा, थांबली की थांबा. आधी एक पाय, मग दुसरा, असं आळीपाळीनं, म्हणजे खांदे तिरके होऊन निघतात. डोकं आल्यावर दिशा खाली, गाईच्या टाचांकडे. दोन माणसांपेक्षा जास्त जोर नको. ट्रॅक्टरला दोरी बांधणारे अजून आहेत, त्यांना गोठ्यात घेऊ नका.

कालवड_नंदगड
आणि आधीच काय काय आणून ठेवायचं?

पशुसेवा_चिकोडी
टिंक्चर आयोडीन ७ टक्क्यांचं आणि बुडवायला लहान कप, लांब हातमोजे, दोन उकळलेल्या दोऱ्या, नवं ब्लेड, सुती दोरा, गोणपाट दोन, पोटॅशियम परमँगनेट, वंगण, थर्मामीटर, कॅल्शियम जेल, बॅटरी चार्ज केलेली, चीक पाजायला बाटली. एका पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून. कॅल्शियमची शिरेतली बाटली आणून ठेवलीत तरी स्वतः देऊ नका. जोरात गेली की हृदय थांबतं. डॉक्टर कोमट करून, थेंब थेंब, छातीवर कान ठेवून देतात.

माळावरचा_म्हातारा
वार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही म्हणतात. आमच्या पिढीत तसंच होतं. त्याचं काय?

रायबागची_म्हसवाली
काका, त्या एका समजुतीनं जितकी वासरं मेलीत तितकी वाघानं खाल्ली नसतील. वार पडायला आठ ते बारा तास लागतात. वासराच्या आतड्यातून चिकातली रोगप्रतिकारकं फक्त पहिल्या दिवसात शोषली जातात, आणि पहिल्या दोन तासांत सगळ्यात जास्त. दर तासाला ते दार बंद होत जातं. शिवाय वासरानं ओढलं की पान्हा सुटतो आणि गर्भाशय आकसतं, म्हणजे वार लवकरच पडते.
वजनाचा दहावा हिस्सा चीक चोवीस तासांत. ३० किलोच्या वासराला तीन लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. उभं राहत नसेल तर पिळून बाटलीनं, डोकं वर फार ताणायचं नाही. जन्मल्याबरोबर नाकातोंडातला चिकटा काढा, नाकात गवताची काडी फिरवा म्हणजे शिंकतं, गोणपाटानं चोळा. नाळ पोटापासून दोन इंचांवर बांधून कापा, आणि आयोडीनच्या कपात पूर्ण बुडवा, वरनं शिंपडून भागत नाही. दिवसातनं दोन वेळा, तीन दिवस.

बेळगावचा_इंजिनेर
मग खरवस?

अथणीचा_कडबा
आला का शहरातला माणूस मूळ मुद्द्यावर 😀

रायबागची_म्हसवाली
वासराचं पोट भरून उरला तर खरवस. म्हशीचा चीक उरतो, पहिलारू गाईचा फारसा उरत नाही. आणि थोडा बाटलीत भरून डेअरीच्या किंवा घरच्या फ्रीजरमध्ये ठेवा. कुठल्या गाईला चीकच उतरला नाही तर कोमट पाण्यात बाटली बुडवून वितळवायचा. गॅसवर उकळला तर तो खरवसच झाला, वासराच्या उपयोगाचा नाही.

उगार_साखर
वार अडकली तर दगड बांधायचा का?

पशुसेवा_चिकोडी
दगड, वीट, चप्पल काही नाही. ओढलं की तुकडा आत राहतो, गर्भाशय सडतं, रक्तस्राव होतो. जमिनीला लोळत असेल तर तेवढाच भाग वर बांधा. १२ तास उलटले तर डॉक्टरांना कळवा, २४ च्या पुढे थांबू नका. ताप बघत राहा.
वार नेहमी अडकणारा किंवा सातव्या-आठव्या महिन्यात गर्भ टाकणारा गोठा असेल तर ब्रुसेलाची रक्ततपासणी करा. हा आजार माणसाला होतो. वार आणि पडलेला गर्भ उघड्या हातानं उचलायचा नाही, चुना टाकून खोल पुरायचा, गरोदर बाईनं जवळ जायचं नाही. लस ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांनाच, एकदाच. गाभण गाईला ती लस चालत नाही.

ऊसवाला_निपाणी
विल्यावर गूळ-बाजरी? आमची आई दोन किलो गूळ घालायची.

पशुसेवा_चिकोडी
पाव किलो गूळ कोमट पाण्यात, बादलीभर, आणि लगेच. तहानच मोठी असते. दोन किलो एकदम गेला तर पोटात आंबतो, गाय रवंथ सोडते. बाजरीची पेज, थोडी मेथी-शेपा चालतात.

कालवड_नंदगड
रेडकांना जंताचं औषध दहाव्या दिवशी देतात, ते खरं? एवढ्या लहान पिल्लाला?

रायबागची_म्हसवाली
खरं. म्हशीच्या दुधातूनच मोठे गोल जंत रेडकात जातात. मळकट, पांढुरकं, घाण वासाचं हगायला लागतं आणि दोन आठवड्यांत मरतं. दहाव्या दिवशी पहिला डोस, पंधरा दिवसांनी दुसरा, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. मात्रा वजनावर, दवाखान्यातून.

हलशीचा_गोठा
सगळ्यांचे आभार. उतरवून घेतलं. क्रम असा लावतोय, चूक असेल तर सांगा : या आठवड्यात तारखा आणि संकरितांपैकी दोघींची आटवणी, शेणतपासणी, अथणीहून कडब्याची एक गाडी, वाडं तिसऱ्या हिश्शावर. फेब्रुवारीच्या मध्यापासून वाडं उतरवणं आणि दोन विण्याच्या जागा. तीन आठवडे राहिले की कॅल्शियम बंद, आंबोण चढतं, चारा संध्याकाळी. गावठी गाई शेवटचे दहा दिवस रानात नाहीत.

अथणीचा_कडबा
कडबा बघून घ्या, पावसात भिजलेला काळा पडलेला घेऊ नका. आणि तोडलेल्या ज्वारीला उन्हाळ्यात पाणी मिळून फुटवे आले तर त्यावर जनावर सोडू नका, किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागतं. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी एका घासात गाय पाडते.

पशुसेवा_चिकोडी
क्रम बरोबर. फक्त कानातल्या टॅगचे बारा आकडे आणि भरल्याची तारीख एकाच वहीत लिहा. विम्याला आणि फिरत्या दवाखान्याला तेच विचारतात.
आणि विल्यावर महिनाभर म्हशीच्या मुताचा रंग बघत राहा. कोऱ्या चहासारखं किंवा कॉफीसारखं लाल दिसलं तर रक्त म्हणून घाबरून कसलाही काढा पाजू नका. वाड्या-पिंजरावर राहिलेल्या म्हशीत फॉस्फरस कमी पडून तांबड्या पेशी फुटतात. त्याच दिवशी डॉक्टर, शिरेतून फॉस्फरस. दोन दिवस उशीर झाला तर रक्त चढवायची वेळ येते.

हलशीचा_गोठा
गाईतही होतं का ते?

पशुसेवा_चिकोडी
होतं, म्हशीपेक्षा कमी. गावठीत फारसं नाही, जास्त दुधाच्या संकरितात बघा.